प्रवेश परीक्षा आणि आपली मुले



पावसाळ्याच्या तोंडी एका सायंकाळी आमच्या परिचयाचे एक गृहस्थ पेढ्यांचा पुडा घेऊन आमच्या घरी आले. व्यवसायाने ते फिटर. मुलाने अभियांत्रिकीची सीईटी दिली होती आणि निकाल नुकताच लागला होता. "साहेब, मुलाला ८८ पडले," असे ते म्हणाले तेव्हा त्यांचा चेहरा आनंदाने फुललेला होता. ८८ म्हणजे १०० पैकी ८८. आता मुंबई-पुण्याच्या सरकारी महाविद्यालयात संगणक शाखेची जागा कोण नाकारतो, अशी त्यांची खात्री होती. मुलाचीही तीच समजूत. तिच्यापायी त्याने पसंतीक्रमाच्या अर्जात तीनच महाविद्यालये लिहिली, आणि पुढच्या प्रत्येक फेरीत तीच तीन कायम ठेवली. फेऱ्या संपल्या, जागा मिळाली नाही. तेव्हा एका खाजगी महाविद्यालयाचा मनुष्य घरी येऊन व्यवस्थापन कोट्यातील जागा पुढे करू लागला. ती घेतली असती तर शुल्काचा सारा भार या फिटरच्या माथी आला असता. कारण शासनाची शुल्कप्रतिपूर्ती केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून मिळालेल्या जागेस असते, व्यवस्थापन कोट्यातील जागेस नसते.

मुलगा मंद नव्हता. बाप बेपर्वा नव्हता. ८८ पर्सेंटाईल म्हणजे ८८ टक्के नव्हेत, एवढी एकच गोष्ट त्या घरात कोणालाही ठाऊक नव्हती. जेथे दोन पिढ्या पदवीधर आहेत तेथे ही गोष्ट जेवता जेवता मुलाच्या कानावर पडते. आपल्या घरांत ती कोणी सांगावयाची? म्हणून हा लेख.

तेव्हा प्रथम पर्सेंटाईल. सीईटी एकाच वेळी सर्वांची होत नाही. संगणकावरील परीक्षा असल्यामुळे ती अनेक दिवस, अनेक सत्रांत चालते आणि प्रत्येक सत्राची प्रश्नपत्रिका निराळी असते. एक सोपी, दुसरी अवघड असे होणारच. यास्तव मिळालेले गुण जसेच्या तसे न धरता, आपल्या सत्रातील मुलांत आपण कोठे उभे आहोत एवढेच पाहिले जाते. समजा, एका सत्रात २,००० विद्यार्थी बसले आणि त्यांपैकी १,७६० जणांचे गुण तुमच्या मुलाइतके किंवा त्याहून कमी आहेत. १,७६० ला २,००० ने भागा आणि १०० ने गुणा, ८८ येतात. म्हणजे २४० मुले त्याच्या पुढे आहेत. आता सर्व सत्रे मिळून चार लाख मुले बसली असे धरा. तेव्हा ८८ पर्सेंटाईलच्या पुढे ४८,००० मुले उभी असतात. हा आकडा एकदा डोळ्यांपुढे आला की पसंतीक्रमात तीनच नावे लिहिण्याचे धाडस कोणी करणार नाही. उलट अवघड सत्रात निम्मे गुण मिळवूनही नव्वदीपलीकडे जाता येते. म्हणून पेपर कठीण गेला की रडत घरी येणाऱ्या मुलीलाही ही गोष्ट सांगून ठेवावी.

अशीच दुसरी फसगत 'नीट' या वैद्यकीय प्रवेश परीक्षेत होते. तेथे खुल्या वर्गास ५० आणि अनुसूचित जाती, जमाती व इतर मागास वर्गांस ४० पर्सेंटाईलची पात्रता आहे. पात्र ठरला की मुलगा डॉक्टर झाला असे समजून वस्तीत फलक लागतात. २०२५ साली ही परीक्षा २२ लाखांहून अधिक विद्यार्थ्यांनी दिली, १२ लाखांहून अधिक पात्र ठरले, आणि सबंध देशातील एम.बी.बी.एस.च्या जागा सव्वा लाखाच्या आसपास आहेत. पात्रता म्हणजे रांगेत उभे राहण्याची परवानगी होय. रांगेच्या शेवटी जागा आहेच असे नव्हे. परदेशी महाविद्यालयांचे आणि देणगीच्या जागांचे दलाल नेमके याच पात्र परंतु जागा न मिळालेल्या मुलांच्या घरी जातात, हे पालकांनी विसरू नये.

येथे कोणी विचारील की, ही परीक्षा बुद्धीचे माप तरी खरे घेते काय? आमचे उत्तर स्पष्ट आहे. घेत नाही. १९०७ साली मॅट्रिकच्या परीक्षेत बाबासाहेबांना ७५० पैकी २८२ गुण मिळाले. शेकड्यात मांडले तर ते ३८ देखील भरत नाहीत. परळच्या चाळीतील एका खोलीत, साऱ्या कुटुंबाच्या गोंगाटात अभ्यास केलेल्या त्या मुलाविषयी हा आकडा काय सांगत होता? त्याने १९१५ साली कोलंबिया विद्यापीठाची एम.ए. आणि १९२३ साली लंडन विद्यापीठाची डी.एस्सी. मिळविली, याचा मागमूस त्या आकड्यात कोठे होता? तो आकडा त्या खोलीचे माप होता. तथापि या उदाहरणाचा उलटा अर्थ काढून 'गुणांना काय महत्त्व आहे' असे मुलांना सांगत फिरणारे आमचे काही वक्ते आहेत, त्यांच्याशी आम्ही सहमत नाही. २८२ गुणांनी मॅट्रिकचा उंबरठा ओलांडता आला, म्हणूनच पुढे महाविद्यालय आले, १९१३ साली बडोद्याची शिष्यवृत्ती आली आणि अमेरिका आली. उंबरठ्याच्या आत पडलेले गुण कमी असले तरी चालतात. बाहेर पडलेले चालत नाहीत.

या परीक्षांच्या जन्माची कथाही आपण जाणून घेण्यासारखी आहे. अमेरिकेत महाविद्यालयीन प्रवेशासाठी 'सॅट' नावाची जी परीक्षा आहे ती १९२६ साली प्रथम घेण्यात आली. ती तयार करणारा कार्ल ब्रिगहॅम हा मानसशास्त्रज्ञ. त्याने १९२३ साली अमेरिकन लोकांच्या बुद्धिमत्तेवर पुस्तक लिहून असे प्रतिपादन केले होते की, उत्तर युरोपातील गोऱ्या वंशाची बुद्धी श्रेष्ठ आणि इतरांची कनिष्ठ आहे. सात वर्षांनी, १९३० साली, त्यानेच आपले ते निष्कर्ष निराधार होते असे जाहीर केले. ज्या चाचण्यांवर त्याने इमारत उभारली होती त्या बुद्धी मोजत नव्हत्या. मूल कोणत्या भाषेत आणि कोणत्या शाळेत वाढले हे मोजत होत्या. जन्मावरून बुद्धी ठरविणारे शास्त्र आपल्याकडे फार जुने आहे. पण आपले निष्कर्ष निराधार होते असे लिहून देणारा ब्रिगहॅम आपल्या शास्त्रकारांत निघाला नाही, एवढाच काय तो फरक.

मग या परीक्षा बंद कराव्यात, अशी मागणी आपण करावी काय? या प्रश्नावर आमचे मन दोन्हीकडे ओढले जाते, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. तमिळनाडू शासनाने नेमलेल्या न्यायमूर्ती ए. के. राजन यांच्या समितीने २०२१ साली असा निष्कर्ष काढला की, 'नीट'मुळे ग्रामीण, गरीब आणि तमिळ माध्यमाच्या मुलांची पीछेहाट झाली. त्याआधी २०२० सालीच त्या राज्याने सरकारी शाळांत शिकलेल्या मुलांसाठी वैद्यकीय जागांत साडेसात टक्के राखीव जागा ठेविल्या. महाराष्ट्राने या उदाहरणाचा विचार का करू नये, हा प्रश्न आपल्या आमदारांना आपण विचारलाच पाहिजे. परंतु परीक्षा काढून टाकल्यावर तिच्या जागी काय येईल? मुलाखत येईल, शिफारसपत्र येईल, 'सर्वांगीण व्यक्तिमत्त्व' येईल. मुलाखतीच्या खोलीत पहिला प्रश्न आडनावाचा असतो आणि उरलेले प्रश्न त्या उत्तराच्या छायेत विचारले जातात, हा अनुभव आपल्यापैकी कोणास नाही? उत्तरपत्रिका तपासणाऱ्या यंत्राला आडनाव वाचता येत नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेने मध्यंतरी सॅटची अट काढली होती. २०२२ साली तिने ती पुन्हा लावली. गरीब आणि साधनहीन शाळांतील हुशार मुले ओळखण्यास हे गुण उपयोगी पडतात, असे कारण तिने दिले. म्हणून आमचे मत असे की, परीक्षेभोवतीचा अन्याय दूर करण्यासाठी लढावे, आणि तो लढा चालू असताना आपले मूल परीक्षेच्या खोलीत तयारीनिशी बसवावे. एकासाठी दुसरे सोडण्याचे कारण नाही.

आता परीक्षेचे प्रत्यक्ष स्वरूप. महाराष्ट्राच्या सीईटीत भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र यांचे पन्नास पन्नास प्रश्न मिळून ९० मिनिटे असतात, आणि गणिताच्या पन्नास प्रश्नांना स्वतंत्र ९० मिनिटे. म्हणजे पहिल्या भागात एका प्रश्नास ५४ सेकंद आणि गणितात १०८ सेकंद. गणिताच्या प्रत्येक प्रश्नास २ गुण असल्यामुळे २०० पैकी १०० गुण एकट्या गणिताचे. प्रश्नांपैकी सुमारे २० टक्के अकरावीच्या आणि ८० टक्के बारावीच्या अभ्यासक्रमावर असतात. 'नीट'मध्ये १८० प्रश्न आणि १८० मिनिटे असा २०२५ चा हिशेब होता. त्यांत निम्मे, म्हणजे ९० प्रश्न, जीवशास्त्राचे. आय.आय.टी. व एन.आय.टी. यांच्या वाटेवरील 'जेईई मेन' परीक्षेत २०२५ साली ७५ प्रश्न होते, वेळ तीन तास. या दोन्ही राष्ट्रीय परीक्षांत अकरावीला सूट नाही. आपल्याकडे अकरावी हे विश्रांतीचे वर्ष मानण्याची जी रीत पडली आहे तिच्यामुळे किती मुले या परीक्षांतून दोन वर्षे आधीच बाद होतात! केंद्रीय विद्यापीठांत पदवीसाठी जाऊ इच्छिणाऱ्यांस 'सीयूईटी' ही परीक्षा आहे, ती २०२२ सालापासून होते. कला शाखेच्या मुलांना तिची वार्ताही नसते. दिल्लीचे जवाहरलाल नेहरू विद्यापीठ, लखनौचे बाबासाहेबांच्या नावाचे केंद्रीय विद्यापीठ ही आपल्या गावातील कला शाखेच्या मुलीसाठीही आहेत, हे तिला बारावीचा निकाल लागल्यावर नव्हे, बारावीच्या दिवाळीपूर्वी कळले पाहिजे.

एक गैरसमज फार नुकसान करतो, म्हणून त्यावर थोडा वेळ घालवितो. चुकीच्या उत्तराला गुण कापले जातात या भीतीने आपली मुले प्रश्न कोरे सोडतात. सीईटीत गुण कापतच नाहीत. तेथे एकही प्रश्न कोरा सोडणे म्हणजे हातातला पैसा रस्त्यावर टाकणे होय. 'नीट'मध्ये बरोबर उत्तरास ४ गुण मिळतात आणि चुकल्यास १ जातो. हिशेब करून पाहा. चार पर्यायांचे चार प्रश्न अगदी डोळे मिटून सोडविले तर सरासरीने एक बरोबर येईल आणि तीन चुकतील; ४ मिळाले, ३ गेले, १ उरला. म्हणजे डोळे मिटूनही तोटा नाही. आणि चारांपैकी एक पर्याय निश्चित चूक आहे एवढे जरी ओळखता आले, तर तीन प्रश्नांत एक बरोबर व दोन चूक. ४ मिळाले, २ गेले, २ उरले. अर्थात नशिबावर विसंबून परीक्षा द्या असे आम्ही म्हणत नाही. पण ज्या मुलीला दोन पर्यायांत शंका आहे तिने तो प्रश्न सोडून देऊ नये, हे गणिताने सिद्ध आहे. भित्रेपणाला आपण सावधगिरी म्हणत आलो आहोत, आणि हा भित्रेपणा शतकानुशतके आपल्याला शिकविला गेला आहे. तो प्रश्नपत्रिकेवरही उमटतो.

भाषेचा प्रश्न याहून कठीण आहे. 'नीट' आणि 'जेईई मेन' मराठीतूनही देता येतात. परंतु आपल्याकडे विज्ञान शाखेत अकरावीपासून बहुतेक ठिकाणी पुस्तके व शिकवणे इंग्रजीतच असते. मुलाने दहावीपर्यंत 'प्रवेग' शिकलेला असतो, अकरावीत त्याच्यापुढे 'ॲक्सिलरेशन' येते, आणि परीक्षेच्या अर्जात मराठी निवडली तर पुन्हा 'प्रवेग' समोर येतो. अर्ज भरताना भावनेने मराठी लिहू नये आणि प्रतिष्ठेसाठी इंग्रजीही लिहू नये; ज्या भाषेत दोन वर्षे उदाहरणे सोडविली ती भाषा लिहावी. 'नीट'मध्ये मराठी निवडणाऱ्यास प्रश्न दोन्ही भाषांत छापून मिळतात आणि भाषांतरात संशय आल्यास इंग्रजी मजकूर ग्राह्य धरतात, हेही ध्यानात असावे. सीईटीचा गणिताचा पेपर इंग्रजीतूनच असतो. तेव्हा मराठी शाळेतून आलेल्या मुलांनी नववी-दहावीतच विज्ञान-गणितातील संज्ञांची दुभाषी वही ठेवणे हा उपाय आम्हांस सर्वांत उपयोगी वाटतो. त्याला खर्च एका वहीचा.

क्लासांविषयी काय लिहावे? लातूर आणि नांदेड या शहरांत परीक्षेच्या तयारीची बाजारपेठच उभी राहिली आहे. कनिष्ठ महाविद्यालयात नाव, आणि मूल मात्र सारा दिवस क्लासात, अशी 'इंटिग्रेटेड' नावाची व्यवस्था सर्वत्र पसरली आहे. दोन वर्षांचे शुल्क अनेक ठिकाणी लाखांच्या घरात जाते. आम्ही शिकवणीच्या विरुद्ध नाही. ज्याला परवडते त्याने जावे. पण शेत गहाण ठेवून, पतपेढीचे कर्ज काढून जे पालक मुलाला क्लासात घालतात त्यांनी आधी हे तपासावे की तेथे मुलाला शिकवितात कोण. पहिल्या तुकडीस नावाजलेले शिक्षक आणि उरलेल्यांस गेल्या वर्षीचा अनुत्तीर्ण विद्यार्थी, असा प्रकार आम्ही डोळ्यांनी पाहिला आहे. जाहिरातीतील शंभर फोटो हे पहिल्या तुकडीचे असतात; शुल्क मात्र सर्व तुकड्यांचे सारखे. उलटपक्षी, ज्या पुस्तकांवर या परीक्षा आधारलेल्या आहेत ती एन.सी.ई.आर.टी.ची आणि बालभारतीची पुस्तके संकेतस्थळांवरून फुकट उतरवून घेता येतात. मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका मिळतात. केंद्रीय शिक्षण मंत्रालय आणि कानपूरची आय.आय.टी. यांनी २०२३ साली सुरू केलेले 'साथी' हे व्यासपीठ विनामूल्य आहे. हे सारे असूनही मुलाला जे मिळत नाही ते म्हणजे शांत जागा, वेळेचे बंधन आणि चूक दाखवून देणारा मनुष्य. त्याविषयी पुढे लिहितो.

त्याआधी कागदपत्रे. हा विषय रुक्ष खरा, पण आपल्या मुलांच्या जागा जितक्या अभ्यासाने जातात तितक्याच कागदाने जातात. राज्यातील व्यावसायिक अभ्यासक्रमांस राखीव जागेवर प्रवेश घ्यावयाचा तर जातीचा दाखला पुरत नाही, जात वैधता प्रमाणपत्र लागते. अनुसूचित जातीच्या बाबतीत १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा पाहिला जातो. आजोबांच्या किंवा पणजोबांच्या शाळेच्या रजिस्टरातील नोंद, कोतवाल बुकाची नक्कल, जुन्या महसुली नोंदी, या शोधण्यासाठी गावी जावे लागते, आणि ज्या गावातून आपण हाकलले गेलो त्या गावाच्या कचेरीत चार हेलपाटे घालावे लागतात. हे काम निकालानंतरच्या पंधरा दिवसांत होत नाही. अकरावीत प्रवेश घेतला त्याच वर्षी महाविद्यालयामार्फत अर्ज करावा. शासन अनेकदा मुदतवाढ देते. पण मुदतवाढ ही मेहेरबानी आहे, तिच्यावर विसंबणे म्हणजे मुलाचे वर्ष पणाला लावणे.

आणि येथेच आपल्या समाजापुढील एक नाजूक प्रश्न येतो. १९५६ साली आपण बुद्ध धम्माची दीक्षा घेतली. महाराष्ट्र शासनाने १९६० साली बौद्धांच्या सवलती मान्य केल्या. केंद्राने मात्र त्यासाठी १९९० पर्यंत वाट पाहावयास लावली. चौतीस वर्षे! त्या काळात किती मुले केंद्रीय संस्थांच्या दारावरून परतली असतील याची मोजदाद कोणी ठेविली नाही. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांचा अनुसूचित जातींत समावेश झाला, पण कागदाची दोन रूपे राहिली. केवळ 'बौद्ध' किंवा 'नवबौद्ध' एवढेच लिहिलेला दाखला राष्ट्रीय परीक्षांच्या प्रवेशाच्या टेबलावर अडतो. तेथे अनुसूचित जातीचे नाव असलेला, केंद्राच्या नमुन्यातील दाखला लागतो. हा नमुना निराळा मागून घ्यावा लागतो. आमच्याकडे एक तरुण मोठ्या तळमळीने म्हणाला, "जे नाव टाकून देण्यासाठी माझ्या आजोबांनी दीक्षाभूमी गाठली, तेच नाव मी पुन्हा माझ्या हाताने का लिहावे?" त्याच्या वेदनेचा आम्ही आदर करतो. परंतु आमचे मत निराळे आहे. दाखल्यावरील ते नाव ही त्याची ओळख नव्हे. त्याच्या घराण्यावर झालेल्या अन्यायाची ती सरकारी नोंद आहे. जखमेची नोंद इस्पितळाच्या कागदावर असते म्हणून कोणी स्वतःस जखम म्हणवून घेत नाही. धर्माच्या रकान्यात बौद्ध लिहावे, ताठ मानेने लिहावे. आणि हक्काचा कागद हक्काच्या नमुन्यात काढून ठेवावा.

नावातील फरकाचेही असेच. आधार कार्डावर एक, दहावीच्या प्रमाणपत्रावर दुसरे, आणि जातीच्या दाखल्यावर आजोबांच्या नावाचे तिसरेच रूप, अशी आपल्या घरांतील स्थिती. परीक्षा केंद्रावर फाटक बंद होते ते कोणासाठी उघडत नाही, हे वर्तमानपत्रांतून दरवर्षी वाचतोच.

आता जागेचा, वेळेचा आणि मनुष्याचा प्रश्न. बाबासाहेबांच्या जयंतीनिमित्त सलग अठरा तास अभ्यासाचा उपक्रम गावोगाव होतो. स्तुत्य आहे. पण वर्षातून एक दिवस अठरा तास बसणारा मुलगा उरलेल्या दिवसांत कोठे बसतो, हे आपण विचारतो काय? दहा बाय दहाच्या खोलीत दूरचित्रवाणी चालू असते, धाकटी भावंडे खेळत असतात, आणि आई रात्री नऊनंतर स्वयंपाकास लागते. आपली विहारे मात्र वंदनेची वेळ सोडली तर दिवसभर कुलूपबंद. ज्या विहारात चार टेबले, दिवे आणि पंखा आहे ते विहार अभ्यासिका होऊ शकते. जयंतीच्या मिरवणुकीतील ध्वनिक्षेपकांच्या एका रात्रीच्या भाड्यात दोन जुने संगणक येतात. ज्या मुलाने जन्मात मोबाईलखेरीज काही हाताळले नाही त्याला सीईटीच्या दिवशी प्रथमच माऊस हाती धरावा लागतो, आणि ५४ सेकंदांच्या प्रश्नातील दहा सेकंद बाण शोधण्यात जातात. हा अडाणीपणा बुद्धीचा नव्हे. दोन संगणक तो घालवू शकतात.

सराव परीक्षा घेण्यास विद्वान मनुष्य लागत नाही. घड्याळ असलेला आणि कठोर असा एक मनुष्य लागतो. परीक्षा ज्या वेळी असते त्याच वेळी ती घ्यावी. 'नीट' दुपारी दोन ते पाच या वेळेत होत आली आहे. जेवणानंतरच्या त्या सुस्तीच्या तीन तासांत डोके चालविण्याची सवय रविवारच्या सकाळी बसून लागत नाही. पेपर संपल्यावर उत्तरे ताडून पाहावी आणि प्रत्येक चूक एका वहीत लिहावी: येत नव्हते म्हणून चुकले, येत होते पण घाईने चुकले, की प्रश्नच नीट वाचला नाही. आमच्या पाहण्यात पहिल्या चार-पाच परीक्षांत निम्म्या चुका दुसऱ्या व तिसऱ्या प्रकारच्या निघतात. त्या दुरुस्त करण्यास शिक्षक लागत नाही. पहिल्या प्रकारच्या चुकांसाठी मात्र लागतो, आणि तेथे आपले नोकरदार बांधव कोठे आहेत? बँकेत, रेल्वेत, महाविद्यालयात लागलेले आपले शेकडो पदवीधर वस्ती सोडून गेले. त्यांनी परत येऊन राहावे असे कोणी म्हणत नाही. महिन्यातून एक रविवार रसायनशास्त्राचे दोन तास द्यावेत एवढेच मागणे आहे.

एका वर्षाने पुन्हा परीक्षा देण्याविषयीही पालक विचारतात. 'नीट'ला किती वेळा बसावे याची मर्यादा नाही. 'जेईई मेन' सलग तीन वर्षे देता येते. सराव परीक्षांतील गुण महिन्यागणिक चढत असतील तर एक वर्ष थांबण्यास हरकत नाही. ते दोन वर्षे एकाच ठिकाणी खिळले असतील तर चौथे वर्ष मुलाच्या वयातून जाते, हे बापाने नव्हे तर चुकांच्या वहीनेच ठरवावे.

त्या फिटर गृहस्थांचे पुढे काय झाले, असे आपण विचाराल. मुलाने व्यवस्थापन कोट्यातील जागा घेतली नाही. दुसऱ्या वर्षी पुन्हा सीईटी दिली, पर्सेंटाईल फारसे वाढले नाही, पण पसंतीक्रमात चाळीस नावे लिहिली आणि विद्युत शाखेत जागा मिळाली. त्याची धाकटी बहीण यंदा बारावीत आहे. तिच्या वैधतेचा अर्ज अकरावीतच गेला. पणजोबांच्या शाळेची १९४१ सालची नोंद तिच्या वडिलांनी तीन वेळा गावी जाऊन मिळविली. दर रविवारी दुपारी दोन वाजता ती विहारातील मधल्या टेबलावर बसते. पहिल्या रविवारी वेळ संपली तेव्हा तिने १८० पैकी ११२ प्रश्न सोडविले होते, उरलेले भीतीने कोरे. गेल्या रविवारी १७१ झाले.